मामाच्या मिशीचं वजन

आमच्या दुकानात पेपर येत नाही. बातम्या मी वाचते. सकाळी मामा इस्त्री तापत ठेवतो, मामी कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचते आणि मी मोबाइलवरून वेबसाइटवाल्यांच्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवते. कुठला ब्राउझर काय नवीन शिकला, कशाला नाही म्हणाला, कोण कुणावर उखडलं. मामाला सुरुवातीला यातलं ओ की ठो कळायचं नाही. मग त्यानं स्वतःची सोय करून घेतली. तीन मोठे ब्राउझर म्हणजे त्याच्या लेखी तीन सख्खे भाऊ. थोरला सगळ्याला आधी हो म्हणतो आणि मग निस्तरत बसतो. मधला विचार करतो आणि लांबलचक कारणं देतो. धाकटा वर्षानुवर्षं नुसतं 'बघू' म्हणतो. आणि तिघांनी हो म्हटल्याशिवाय आम्हा साइटवाल्यांना नवीन गोष्ट बिनधास्त वापरता येत नाही, कारण आपलं पान बघणारा माणूस कुठल्या भावाच्या खिडकीतून बघतोय ते आपल्याला काय माहीत?

म्हणून मामाचा रोजचा पहिला प्रश्न ठरलेला. "धाकटा काय म्हणतोय?"

त्या दिवशी मी बातमी वाचली आणि स्टुलावरून उडीच मारली. धाकटा हो म्हणाला होता.

"कशाला?" मामानं इस्त्री उभी केली.

"वळणाला."

म्हणजे असं, की पानाचा रंगढंग सांगणारी एक फाइल असते. तिच्यात चौकोन, गोल असलं सरळसोट थोडक्यात काढता यायचं. पण मनासारखी वळणदार रेघ काढायची म्हटली की लांबच लांब मजकूर खरडावा लागायचा. आता 'इथून निघ, असं वळ, तिथं थांब' एवढं सांगितलं की झालं. थोरला आणि मधला कधीचेच तयार होते, घोडं धाकट्यापाशी अडलं होतं. मामानं घरातलं लग्न जमल्यासारखा श्वास सोडला, "आली एकदाची अक्कल" म्हणाला आणि परत शर्टाच्या कॉलरकडे वळला. या वळणाचं मी करणार काय, हे त्यानं विचारलं नाही. मलाही माहीत नव्हतं. मला नुसताच आनंद झाला होता, आणि आनंद झाला की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत.

मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. आईचं म्हणणं, माझं डोकं फार लवकर तापतं. म्हणून तिनं मला डोकं थंड करायला आपल्या भावाकडे धाडलं. भावाचं दुकान इस्त्रीचं. यावर मी काही बोलत नाही. मामा मला ठिणगी म्हणतो, त्यावरही नाही.

इथे आल्या आल्या मी अडगळीतला जुना कॉम्प्युटर इस्त्रीच्या टेबलाखाली बसवला आणि त्यावर माझी साइट चालू केली. दुसऱ्याच्या मशीनवर नाही, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. जगात कुठेही कुणी माझं पान उघडलं की तो माणूस जणू मामाच्या पायापाशी येतो आणि पान घेऊन जातो. मामाला हे फार आवडलं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला की तो पाय जरा बाजूला घेतो. पाहुण्यांना वाट दिल्यासारखा.

अडचण एकच. इस्त्री आणि चहाची किटली एका वेळी चालू झाली की दुकानाचा फ्यूज उडतो, आणि फ्यूज उडाला की माझी साइट जगातून गायब. म्हणून आमच्याकडे नियम आहे. किटली लावायची असेल त्यानं आधी "किटली" म्हणून हाळी द्यायची. मामा इस्त्रीचं बटण बंद करणार, "लाव" म्हणणार, मग किटली. नेहमीच्या गिऱ्हाइकांनासुद्धा हे पाठ झालंय. कुणी नवखं माणूस दचकलं तर जुनी गिऱ्हाइकं त्याला समजावून सांगतात.

साइटवर मी तीन भावांच्या बातम्या लिहिते, मामाच्या शेऱ्यांसकट. शिवाय जाड पानांना शिव्या घालते. जाड पानांचा मला भयंकर राग आहे. चार ओळी वाचायला जावं, तर आधी ढीगभर चित्रं, मग सरकत्या पट्ट्या, मग मधेच उघडणारी खिडकी, आणि कुठेतरी तळाशी त्या बिचाऱ्या चार ओळी गुदमरून पडलेल्या. माझ्या पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'ज्यांची पानं जाड, त्यांची अक्कल बारीक.' ही ओळ मला सायकलवर सुचली होती, आणि त्या भरात मी एका कुंपणात घुसले होते. गुडघा फुटला. ओळ शाबूत राहिली.

माझ्यासारख्याच चिडक्या लोकांचं एक मंडळ आहे, हलक्या पानांचं. ज्याचं पान दहा हजार बाइटच्या आत बसेल, त्याचं नाव मंडळाच्या साइटवर लागतं. बाइट म्हणजे आमच्यातलं गुंजभर वजन. इंग्रजी अक्षराचा एक बाइट. मराठी अक्षराचे तीन. त्याला काना दिला, आणखी तीन. वेलांटी, तीन. डोक्यावरच्या टिंबाचेसुद्धा तीन. मराठीत पान लिहायचं आणि ते हलकं ठेवायचं, म्हणजे ओली चादर खांद्यावर टाकून पळण्याच्या शर्यतीत उतरायचं. मंडळात मराठी पान एकही नव्हतं. मला पहिलं व्हायचं होतं. इतकं व्हायचं होतं, की मी पान बारीक करायच्या नादात भांडणंसुद्धा पुढे ढकलायला लागले होते.

वजन करते ती काटेवाली. तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. अर्ज पाठवला की त्याच दिवशी कधीतरी ती न सांगता येते, पान उघडते, तोलते आणि जाते. पान दाबून-पिळून हलकं करून पाठवायच्या युक्त्या असतात, त्या तिच्यापुढे चालत नाहीत. ओला कपडा ती ओलाच तोलते. जास्त भरलं तर बाद. पान उघडलंच नाही तरी बाद. आणि एकदा बाद झालं की वर्षभर तोंड दाखवायचं नाही.

धाकट्याच्या बातमीनं मला एवढं चढलं होतं, की मी त्याच झोकात अर्ज ठोकून दिला. पान नऊ हजारांच्या जरासं वर होतं. काळजीचं कारणच नव्हतं. मामाला सांगितलं, मंडळात नाव लागलं की सगळं जग आपल्याकडे येणार. मामानं दोनदा विचारून घेतलं, सगळं म्हणजे सगळं का. मी सगळं म्हटलं, इस्त्रीचे कपडे सायकलला बांधले आणि सुटले.

आता मी मामाला साइटचं एक बटण शिकवून ठेवलं होतं. दुकान बंद असलं की ते दाबून 'आज बंद' असं पानावर टाकायचं. त्याच्या शेजारी फोटो टाकायचं बटण होतं. ते माझं होतं. पण शेजारी होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचे पडदे देऊन मी जिना उतरत होते. सहज मोबाइलवर माझं पान उघडलं. माझं पान असं उघडतं की डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर. त्या दिवशी काहीच आलं नाही. मग वरून एक पट्टी आली. पट्टीवर आमच्या दुकानाची पाटी होती. मी जिन्यातच थांबले. पाटीखालून एक गुलाबी गोलाई उगवायला लागली. कपाळ. कपाळ बराच वेळ येतच राहिलं. मामाचं कपाळ मोठं आहे. मग भुवया आल्या. मग डोळे, कॅमेऱ्याकडे रोखलेले. तोवर मी दोन मजले उतरले होते. मिशी आली तेव्हा मी सायकलवर होते.

फोटो नऊ मेगाबाइटचा होता. माझं पान हजारदा एकावर एक रचलं असतं, तेव्हा कुठे एवढं वजन भरलं असतं.

दुकानात मी वाऱ्यासारखी घुसले. सायकल बाहेर आडवी पडली, तिला पडू दिलं. टेबलाखाली बसून आधी साइटची हजेरी बघितली. कोण कोण पान उघडून गेलं ते तिथं ओळीओळीनं दिसतं. काटेवाली येते तेव्हा 'काटा' एवढंच लिहून जाते. काटा अजून आलेला नव्हता. मी फोटो उडवला, टेबलाखालून बाहेर आले आणि मग तोंड सोडलं.

काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. माझा तिळपापड झाला की शब्द माझे राहत नाहीत. बटणाला हात का लावलास, विचारलं का नाहीस, आता वर्ष वाया गेलं असतं, इस्त्रीवाल्यानं इस्त्री करावी. हे शेवटचं मी बोलले ते दुकानात गिऱ्हाईक असताना. बँडमास्तर आले होते. संध्याकाळी त्यांच्या बँडचा कार्यक्रम होता, आणि त्यांच्या माणसांचे लाल कोट इस्त्रीला पडले होते. फोटोही त्यांनीच काढला होता, म्हणून ते छताकडे बघत उभे होते.

 कोटाची बाही उलटी करून मामानं ती टेबलावर सपाट लावली.

"सगळं जग येणार म्हणालीस," तो म्हणाला. "म्हटलं, दारात कुणीतरी उभं नको का?"

बस्स. मग परत इस्त्री. मामा गप्प झाला की त्याची इस्त्री बोलते. धप्. वाफ. धप्.

मामीनं मला हातानं खुणावून मागे नेलं. हळू आवाजात सांगितलं, की मी गेल्यावर मामानं नवा शर्ट काढला, तो दोनदा इस्त्री केला, न्हाव्याकडे जाऊन मिशी नीट करून आला आणि मग पाटीखाली उभा राहिला. पोट आत घेऊन. "आमच्या लग्नातसुद्धा एवढी इस्त्री नव्हती केली यानं," मामी म्हणाली. "तू फोटो उडवलास ते बरोबरच असेल. पण त्याला उडवू नकोस."

आता आली का पंचाईत. मामाला पानावर ठेवायचं, तर पान जाड. उडवायचं, तर मामा असा रुसलेला. फोटो कितीही बारीक केला तरी तो माझ्या उरलेल्या जागेत मावणार नव्हता. अगदीच केला असता, तर मामाच्या जागी नुसता एक डाग उरला असता. काटेवाली कुठल्याही घडीला येणार होती. मी दाराच्या चौकटीला डोकं टेकवून उभी राहिले. मामा टेबलाकडे वाकलेला, पोट टेबलाला टेकलेलं, डोक्याचा गोल, खांद्याची उतरण. सगळी वळणंच वळणं.

मी किंचाळलेच. बँडमास्तरांच्या हातातली टोपी पडली.

धाकटा हो म्हणाला होता ना. सकाळीच. मामाला फोटोत कशाला बसवायचं? मामाला रेघांनी काढायचं. 'इथून निघ, असं वळ, तिथं थांब.'

कीबोर्ड मांडीवर घेऊन मी टेबलाखाली सरकले. तिथून मामा म्हणजे आधी पोट, मग मिशी, मग छत. मामाला पोझ घ्यायला वेळ नव्हता, कोट संपवायचे होते. मी म्हटलं, तू तुझं काम कर, मी कामातलाच काढते. तो अजून रुसलेला होता. पण त्याच्या पोटाकडून कळलं, त्यानं ते परत आत घेतलं होतं.

डोकं झालं एका गोलात. टक्कल असल्यामुळे केसांचा खर्च नाही. पोट एका वळणात, भलतंच स्वस्तात पडलं. इस्त्री म्हणजे त्रिकोण. कान दोन काढायची ऐपत नव्हती. एक काढला, दुसरा पलीकडे आहे असं समजायचं. तोवर बँडमास्तर गुडघ्यांवर बसून टेबलाखाली डोकावायला लागले होते आणि वर बातम्या पोचवत होते. कान आला. एकच आलाय. नाक आलं, बरं आलंय. मामा वरून विचारायला लागला, की शर्टाची बटणं दिसतात का. मी म्हटलं, बटणं परवडत नाहीत. मामा म्हणाला, निदान वरचं एक. मी म्हटलं, एकही नाही.

"जन्मात पहिल्यांदा कुणीतरी याला नाही म्हणतंय आणि हा ऐकून घेतोय," मामी म्हणाली.

मामा हसला. मिशी हलली. आणि मला कळलं, खरं काम पुढेच आहे.

मामाच्या मिशीच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळ्या मिश्या आहेत. उजव्या हातात कायम इस्त्री, म्हणून तो मिशीला पीळ देतो डाव्या हातानं, तोही फक्त डावीकडे. डावं टोक आकड्यासारखं वर. उजवी बाजू सदान्‌कदा वाफेवर. ती ओल्या कुंच्यासारखी खाली आलेली, केस सुटे सुटे. न्हाव्याकडून येऊन तास झाला नव्हता, तरी आपली खालीच.

डावी बाजू झकास झाली. उजवीला आल्यावर जागा संपत आली. म्हणून मी हुशारी केली. डावीच उलटी करून उजवीकडे चिकटवली. त्याला फारसं काही लागत नाही. मामाला खाली वाकून बघायला सांगितलं.

मामानं वाकून बघितलं. पडद्यावर दोन्ही टोकं वर, तलवारीसारखी.

"ही माझी नव्हे," तो म्हणाला. "ही माझ्या सासऱ्यांची."

मामी काउंटरवरून म्हणाली, माझ्या वडलांच्या मिशीला काय झालंय? मामा म्हणाला, मिशीला काही झालेलं नाही, मिशीखालून जे बाहेर पडायचं त्याबद्दल बोलत होतो. मामीनं टाचण्यांची डबी जरा जोरातच ठेवली. बँडमास्तरांनी मधे पडून सांगितलं, की खरं म्हणजे मामांची उजवी बाजू हीच मामांची ओळख आहे, रस्त्यापलीकडून दिसते. यावर दोघंही एकदम हो म्हणाले. मलाही ते पटलं. उजव्या बाजूशिवाय तो कुठल्याही इस्त्रीवाल्याचं कार्टून वाटत होता. मामा नव्हता.

उलटी चिकटवलेली काढून टाकली. आता खरी उजवी काढायची. पाच सुटे केस, पाच वळणं. मांडून बघितलं, तर नव्वदच्या आसपास बाइट पाहिजे होते. शिल्लक होते वीस.

सगळे कामाला लागले. बँडमास्तर म्हणाले, नाक उडवा, मिशी असल्यावर नाक आहेच असं कळतं. मामा नाकाला तयार नव्हता. तो म्हणाला, इस्त्रीच उडव, म्हणजे मी नुसता उभा आहे असं वाटेल. इस्त्रीला मी तयार नव्हते. मामीनं आतापर्यंत माझं पान कधी पुरतं वाचलं नव्हतं. ती माझ्या शेजारी येऊन बसली, चष्मा लावला आणि वरपासून वाचायला लागली, काय काय जास्तीचं आहे ते बघायला. वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीवर थांबली.

"'ज्यांची पानं जाड, त्यांची अक्कल बारीक.' हे कुणासाठी?"

मी म्हटलं, जाड पानवाल्यांसाठी.

"ते येतात का हे वाचायला?"

"नाही येत."

"मग कोण वाचतं?"

मी म्हटलं, हलक्या पानवाले वाचतात. मामी म्हणाली, म्हणजे ज्यांना आधीच पटलंय ते. मग तिनं चष्मा नाकावर खाली ओढला आणि ही ओळ किती भरते ते विचारलं. मी मोजलेलं होतं. रोज मोजत होते. शंभरावर होती. काना-मात्रा-अनुस्वारांनी ठासून भरलेली ओळ ती.

"बघ बाई," मामी म्हणाली आणि उठून गेली.

माझं डोकं असं तापलं, की कोणी पाणी टाकलं असतं तर वाफ निघाली असती. माझ्या साइटवरची माझी सगळ्यात भारी ओळ. गुडघा फोडून घेतलेली. टेबलाखाली मी आणि ती ओळ अशा दोघीच होतो. वर मामानं कोट उलटा केला, उजवा हात गेला, वाफ आली, आणि त्याच्या मिशीच्या उजव्या बाजूनं आणखी एक केस खाली सोडला. मला एकदम हसू फुटलं. दाबायला गेले, तर नाकातून आलं. एवढ्याशा मिशीसाठी माझी इतकी मोठी ओळ. पण ती ओळ कुणीही लिहील. रोज कुणी ना कुणी लिहीतच असतं. ही मिशी फक्त आमच्याकडे आहे.

ओळ उडवली. मिशी लावली. पाच केस, पाच वळणं, आणि जागा उरली म्हणून सहावा, तो नुकताच सुटलेला.

मामानं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. डोकं जरा खालीवर केलं, आरशात बघतात तसं. मग डावा हात डाव्या टोकाकडे नेला आणि पीळ दिला.

"हां," तो म्हणाला. "हा मी."

आता फक्त काटेवालीची वाट. आणि ती येईपर्यंत फ्यूज उडता कामा नये. इस्त्री बंद करता येत नव्हती, कोट बाकी होते. म्हणजे किटली बंद. मामीला चहा नाही. मामीला दुपारचा चहा मिळाला नाही की काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण तोवर तसं कधी झालंच नव्हतं. ती काउंटरवर टाचण्या रचत बसली. एक गिऱ्हाईक चादरी घेऊन आलं, तर तिनं त्याला बोटानंच गप्प राहायला सांगितलं. ते बिचारं चादरी कवटाळून कोपऱ्यात उभं राहिलं, आणि काय चाललंय ते कळेना म्हणून थांबलंही. मी हजेरीवर डोळे लावले होते. कुणीतरी आलं, गेलं. कुठल्या तरी शोधयंत्राचं यंत्र आलं, गेलं. कोट एकेक करून संपत होते. बँडमास्तरांनी आपला घालूनसुद्धा बघितला. सोनेरी गोंडे, कडक कॉलर, मान वळवता येत नव्हती.

शेवटच्या कोटाची शेवटची बाही. आणि पडद्यावर उमटलं.

काटा.

"आली," मी म्हटलं.

मामानं इस्त्री हवेत उचलून धरली. वीज वाचवायला नव्हे, ती चालूच होती. उगाच, श्वास धरतात तशी. पायही बाजूला घेतले. मामीचा हात डबीवर तसाच. बँडमास्तर त्या कोटात तसेही हलू शकत नव्हते. कॉम्प्युटरचा पंखा एकदा घरघरला आणि थांबला. गेली. आली आणि गेलीसुद्धा. माझी पाचावर धारण बसली. मोबाइल दोन्ही हातांत धरून मी मेल उघडत होते, बंद करत होते, उघडत होते. मामा तशीच इस्त्री धरून उभा. हात भरून आला असणार. मी म्हटलं, ठेव खाली. तो नाही म्हणाला.

मेल आली. काटेवाली कधी तीन शब्दांच्या वर लिहीत नाही म्हणतात. मला जास्त लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

"'बसलं. काठावर, पण बसलं. पहिलं मराठी पान. मिशी कुणाची?'"

मामानं इस्त्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग तसाच हसायला लागला, पोट टेबलावर आपटत, आणि टेबल माझ्या डोक्यावर होतं. मी बाहेर आले, कोपरावर आपटले, उठले, मामीला मिठी मारली, बँडमास्तरांना मारली, त्यांचा एक गोंडा तुटला, चादरीवाल्याला मारली. त्यानंही काही न विचारता मारली. मी उभ्या उभ्या मोबाइलवर उत्तर दिलं: मामाची. उलट लगेच आलं: तरीच. नाव लावलंय.

आणि मग जग यायला लागलं. सगळं नसेल. पण हजेरी धावायलाच लागली, ओळीवर ओळ, वाचता येईना इतकी. पंखा घोंगावला. बँडमास्तर ओरडून देश वाचायला लागले, एकही उच्चार धड नाही. मामानं घाईघाईनं पाय बाजूला घेतले, आणखी बाजूला, शेवटी टेबलापासून पुरता लांब जाऊन दारात उभा राहिला. पाटीखाली. पोट आत. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांनाही त्यानं मान झुकवून नमस्कार केला. त्यांनी वळून वळून बघितलं.

"धाकट्याला कळवायला हवं," तो दारातून म्हणाला. "त्याच्यामुळे जमलं."

मी म्हटलं, धाकटा 'बघू' म्हणेल. सगळे असे हसलो, की मामीनं आनंदाच्या भरात, डोळे पुसत पुसत, हाळीबिळी काही न देता, किटलीचं बटण दाबलं. इस्त्री चालूच होती.

टक्.

दिवा गेला. पंखा गेला. पडदा काळा. दुकान आमचं आत खोल आहे, दाराचा उजेड टेबलापर्यंतच येतो.  त्या अर्ध्या अंधारात मामीचा आवाज आला, बारीक झालेला. "किटली," ती म्हणाली.

जगातली माणसं त्या घडीला आमचं पान उघडत होती आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली. आला नाही.

दारात मामाची नुसती आकृती दिसत होती, पोटाचं वळण, डोक्याचा गोल, एक बाजू वर, एक बाजू खाली.

"आता आपलं पान किती भरतंय गं, ठिणगे?" त्यानं विचारलं.

"शून्य."

मामानं जरा विचार केला.

"बघ की," तो म्हणाला. "आणखी हलकं झालं." आणि फ्यूजची तार शोधायला आत आला.